चांदबीबीचा तह आणि वऱ्हाडाचा न्याय

दिग्रस, दारव्हा, पुसद या टापूचा सारा कोणाच्या खजिन्यात जमा व्हायचा, हे 1596 सालच्या सुरुवातीला इथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठरले. ठरवणारी एक विधवा बाई होती. तिच्या नावाचा खुतबा पढला जात नव्हता, तख्त तिचे नव्हते. एका तान्ह्या वारसाच्या वतीने ती राज्य राखत होती. बाहेर अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याच्या फौजेचा वेढा होता आणि आत सरदारांची भांडणे होती. तिने वऱ्हाड दिले आणि अहमदनगर वाचवले. ही चांदबीबी.

तिचे नाव घेतले की तटाच्या खिंडारात तलवार घेऊन उभी राहिलेली स्त्री डोळ्यांपुढे येते. ते चित्र खरे आहे, पण ते तिच्या कर्तृत्वाचा अर्धाच भाग दाखवते. माझ्या मते तिची थोरवी त्या तलवारीपेक्षा त्यानंतर झालेल्या तहात अधिक आहे. तिच्या तलवारीचे कौतुक करायला सारे पुढे येतात. तहाची आठवण कोणी काढत नाही. त्या तहाची किंमत वऱ्हाडाने मोजली, म्हणून त्याचा न्याय करण्याचा पहिला हक्कही वऱ्हाडाचा आहे. तो न्याय दिग्रसमध्ये बसून करताना मी याच निष्कर्षाला येतो की ती बरोबर होती.

चांदबीबीचा जन्म 1550 च्या आसपासचा, मृत्यू 1600 चा. युरोपात हा प्रबोधनाचा काळ. इंग्लंडच्या गादीवर 1558 ते 1603 पर्यंत पहिली एलिझाबेथ होती. फ्रान्समध्ये कॅथरीन द मेदिची मुलांच्या नावाने राज्य हाकत होती. स्कॉटलंडच्या मेरीचा 1587 मध्ये शिरच्छेद झाला. इकडे गढा-मंडल्याची राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगलांशी लढताना कामी आली. दख्खनही तेव्हा जगापासून तुटलेला कोपरा नव्हता. अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारांत इराणी विद्वान, तुर्की गोलंदाज, हबशी सेनानी, मराठी देशमुख आणि कारकून एकत्र नांदत होते. किनाऱ्यावर पोर्तुगीज होते. अहमदनगरात 1549 मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. त्या काळच्या धातुविद्येची आणि युद्धविद्येची ती साक्ष आहे.

अशा दरबारात चांदबीबी वाढली. वडील हुसेन निजामशहा, आई खुंजा हुमायून. या आईची गोष्ट समजून घेतल्याशिवाय मुलीची समजत नाही. विजयनगरविरुद्धच्या 1565 च्या लढाईनंतर थोड्याच महिन्यांत हुसेन वारला आणि मुलगा मूर्तजा याच्या नावाने खुंजा हुमायूनने काही वर्षे राज्य चालवले. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. हुसेनशहाच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने रचलेल्या काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्या चित्रांत राणी शहाच्या शेजारी बसलेली होती. नंतर बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली गेली. राणी सत्तेवरून गेल्यावर हे घडले असावे, असे अभ्यासक मानतात. मुलीला मिळालेला वारसा हा असा: राज्य करता येते, पण केलेल्या राज्याची खूण कोणीही पुसू शकतो.

चांदबीबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले. विजयनगरविरुद्ध सुलतानांची जी जुळवाजुळव चालली होती, तिचाच तो भाग. हुंड्यात सोलापूरचा किल्ला गेला. म्हणजे प्रदेश देऊन राजकारण साधायचे असते, हा धडा तिने स्वतःच्या लग्नातच पाहिला होता. 1580 मध्ये अलीचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम आला आणि त्याचा सांभाळ चांदबीबीकडे. दरबारात दखनी, आफाकी (म्हणजे परदेशातून आलेले) आणि हबशी असे तट होते. ज्याच्या हाती बालराजा, त्याच्या हाती राज्य, असा मामला. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. पुढे तो पडला आणि ती सुटली. पण सत्ता हबशी सरदारांकडे गेली आणि काही वर्षांनी ती माहेरी आली. ज्या इब्राहीमला तिने सांभाळले, तोच पुढे संगीत आणि चित्रकलेचा मोठा आश्रयदाता, दुसरा इब्राहीम आदिलशहा म्हणून गाजला.

माहेर मात्र जळत होते. 1588 मध्ये मूर्तजाला त्याच्याच मुलाने मारले. दुसऱ्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. त्यानंतरच्या सहा वर्षांत गादीवर माणसे बदलत राहिली. 1595 मध्ये इब्राहीम निजामशहा विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. त्याचा मुलगा बहादूर अगदी तान्हा होता. मियां मंजू या वजिराने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवले, पण तो मुलगा निजामशाही वंशाचा नाही हे लवकरच उघड झाले. भांडण चिघळले तेव्हा मियां मंजूने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला मदतीला बोलावले. बोलावल्यावर पस्तावला, पण मोगल फौज निघालेली होती. मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम 1595 च्या डिसेंबरात अहमदनगरासमोर आले. दखनच्या सुलतानांनी आपसांतल्या भांडणात दिल्ली-आग्र्याला हाक मारायची आणि मग आलेली फौज परतवता यायची नाही, हे पुढेही अनेकदा घडले. त्या अनर्थाची पहिली मोठी किंमत चांदबीबीच्या वाट्याला आली.

वेढ्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना बातमी लागली आणि त्यांतले काही निकामी केले गेले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. माणसे पळू लागली. चांदबीबी चेहऱ्यावर बुरखा घेऊन, हाती तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे परतले, हल्ला मागे हटला आणि एका रात्रीत खिंडार बुजवले गेले. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफांत भरली, अशी दंतकथा आहे. सगळ्यांच्या तोंडी हीच गोष्ट आहे, आणि ती इथेच थांबते.

पण खरा पेच दुसऱ्या सकाळी सुरू झाला. वेढा उठलेला नव्हता. विजापूरचा सेनानी सुहेलखान मदतीला निघाला होता, पण तो पोहोचेपर्यंत किल्ला टिकेल याची खात्री नव्हती. दुसरीकडे मुराद आणि खानखानान यांचे आपसांत पटत नव्हते आणि छावणीत धान्याची टंचाई होती. दोन्ही बाजू थकल्या होत्या. अशा घडीला काय मागायचे आणि काय सोडायचे हे ज्याला कळते, तोच राज्यकर्ता. चांदबीबीने वऱ्हाड मोगलांना दिले. त्या बदल्यात मोगलांनी बहादूरला निजामशहा म्हणून मान्य केले आणि वेढा उठवला.

आता वऱ्हाडच का, हे पाहू. निजामशाहीच्या दृष्टीने वऱ्हाड हा नवा मुलूख होता. फतहउल्ला इमादुल्मुल्काने 1490 मध्ये स्वतंत्र केलेली एलिचपूरची इमादशाही 1574 मध्ये मूर्तजा निजामशहाने नरनाळा घेऊन संपवली. म्हणजे हा प्रांत अहमदनगरकडे जेमतेम बावीस वर्षे होता. त्याची उत्तर सीमा खानदेश आणि माळव्याला लागून होती. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने आधीच उभा होता. अहमदनगरच वेढ्यात असताना गाविलगड आणि नरनाळ्यावर फौज पाठवून वऱ्हाड राखणे शक्यच नव्हते. जे हातातून जाणारच होते, ते तिने किंमत घेऊन दिले. ती किंमत म्हणजे राजधानी, राजवंश आणि तयारीला लागणारा वेळ. कर्ज डोईवर आले तर कोणते वावर विकायचे आणि कोणते कोणत्याही परिस्थितीत ठेवायचे, हा हिशेब यवतमाळच्या शेतकरी घरातल्या बाईला शिकवावा लागत नाही. चांदबीबीने तोच हिशेब राज्याच्या मापाने केला.

याच कामाला आपण अन्यत्र कोणते नाव देतो, हे आठवून पाहा. 1665 च्या जूनमध्ये शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा ठेवले. मराठी माणूस त्या तहाला पराभव म्हणत नाही. आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो, कारण राखलेल्या बारा किल्ल्यांतून पुढचे स्वराज्य उभे राहिले. मग सत्तर वर्षे आधी तशाच शत्रूसमोर, त्याहून बिकट स्थितीत, स्वतःच्या नावाची गादी नसलेल्या बाईने तोच निर्णय घेतला, तर त्याचे नाव काय? शाळेच्या इतिहासात तो एका वाक्यात उरकतो, आणि लोककथेत तर येतच नाही. पुरुषाचा तह मुत्सद्देगिरी ठरतो. बाईच्या गोष्टीत फक्त पराक्रम शिल्लक राहतो आणि बुद्धी गळून पडते.

यावर पहिला आक्षेप आमच्याच घरातून येईल आणि तो गंभीर आहे. वऱ्हाड दिले, पण वऱ्हाडाला कोणी विचारले? कोणी नाही. आणि ते एकदाच घडलेले नाही. 1803 मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले आणि ते निजामाच्या पदरात पडले. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी ते इंग्रजांकडे सोपवले. 1902 मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिले गेले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आम्ही अभिमानाने सांगतो. पण काळ्या मातीचे आणि कापसाचे हे सोनेच आम्हाला प्रत्येक वाटाघाटीत मोबदल्याची वस्तू बनवत गेले. दूरच्या किल्ल्यांत, दूरच्या रेसिडेन्सीत कागदावर सही व्हायची आणि दिग्रसच्या शेतकऱ्याचा मालक बदलायचा.

हे दुःख खरे आहे. पण त्याचा ठपका एकट्या चांदबीबीवर ठेवणे अन्यायाचे होईल. प्रजेला विचारून मुलूख देण्याची रीत सोळाव्या शतकात जगात कुठेच नव्हती. शिवाय या चार तहांत एक फरक आहे. 1803 मध्ये पराभूत राजाने दिले, 1853 मध्ये कर्जबाजारी निजामाने दिले, 1902 मध्ये व्हाइसरॉयच्या दडपणाखाली दिले गेले. 1596 मध्ये मात्र देणारीने मोबदल्यात एक जिवंत राज्य परत घेतले. वऱ्हाडाला वस्तू म्हणून वापरण्याचा दोष चारही तहांत आहे; त्या दोषातून काही उभे करण्याची बुद्धी पहिल्यात दिसते. आणि तहाचा एक परिणाम आमच्यासाठी मोलाचा आहे. वऱ्हाड मोगल सुभा झाला म्हणून अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याचे सविस्तर वर्णन आले: गाविलगड, नरनाळा, लोणार, माहूरचा किल्ला आणि त्याजवळचे देवीचे देऊळ, सरकारवार महसूल. सोळाव्या शतकातले वऱ्हाड कसे होते हे सांगणारा तो फार मोठा आधार आहे.

दुसरा आक्षेप असा की तह टिकला कुठे? सरहद्द कुठली यावरून लगेच भांडण पेटले. मोगलांनी पाथरीकडे हात घातला आणि 1597 च्या सुरुवातीला गोदावरीकाठी सोनपेठजवळच्या अष्टीला मोठी लढाई झाली. सुहेलखान हरला, पण मोगलांचीही मोठी हानी झाली. मोगलांकडून लढणारा खानदेशचा राजा अलीखान तिथेच पडला. शाहजादा मुरादने वऱ्हाडात बाळापूरजवळ शाहपूर वसवले, पण त्याचे मन दारूत बुडाले आणि 1599 मध्ये तो वारला. म्हणजे तहाने अहमदनगरला चार वर्षे दिली. ती वर्षे वाया कोणी घालवली? ज्या सरदारांना तिने पेशवाई दिली त्यांनीच. आधीचा पेशवा तिच्याविरुद्ध फिरला, नंतरचा अहंगखान तिला किल्ल्याबाहेर काढू पाहत होता. वेळ विकत घेणे हे एका माणसाचे काम. त्या वेळेचे सोने करायला सारा दरबार लागतो. तो दरबार तिला मिळाला नाही.

1600 मध्ये मोगल पुन्हा आले, या वेळी शाहजादा दानियाल फौजेसह, आणि मागे स्वतः अकबर बुऱ्हाणपुरात. चांदबीबीने परिस्थिती पुन्हा मोजली. आता किल्ला टिकणार नाही हे तिला दिसले. किल्ला द्यावा, पण बालराजा बहादूर आणि आतल्या माणसांना सुखरूप जुन्नरला जाऊ द्यावे, अशी अट घालून बोलणे करावे, असा तिचा विचार होता. तिने हा विचार हमीदखान नावाच्या किल्ल्यातल्या अधिकाऱ्याला सांगितला. तो रस्त्यावर धावत सुटला आणि बाई मोगलांना फितूर झाली, अशी त्याने आरोळी ठोकली. जमाव महालात घुसला आणि तिला ठार मारले. त्यानंतर काही आठवड्यांतच सुरुंगांनी तट उडाला, किल्ला पडला, बहादूर कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. ज्यांनी तिला फितूर ठरवले, त्यांच्या हातून किल्लाही गेला आणि राजाही. तिच्या अटींवर बोलणे झाले असते, तर राजा तरी वाचला असता.

इथे माझा मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो. 1596 मध्ये तलवार घेऊन खिंडारात उभी राहिलेल्या बाईला त्याच किल्ल्याने डोक्यावर घेतले. तिनेच चार वर्षांनी वाटाघाटीचा विचार बोलून दाखवला, तर त्याच किल्ल्याने तिचा जीव घेतला. धाडस तिचे चालले, निर्णय चालला नाही. राणीच्या हातातले शस्त्र लोकांना मान्य होते. तिच्या डोक्यातला विचार मान्य नव्हता.

आपली आठवणही या जमावापेक्षा फार वेगळी वागलेली नाही. अहमदनगरजवळ शाह डोंगरावर जी तिमजली अष्टकोनी इमारत आहे, तिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती मूर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. तिचे नाव तिच्या नसलेल्या इमारतीला आहे आणि तिने केलेल्या कामाला नाही. दिग्रसपासून फार दूर नसलेल्या माहूरची सावित्रीबाई, अर्थात रायबागन, हीही अशीच. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली तेव्हा आता लढू नका, शरण जा, असा शहाणा सल्ला देऊन शेकडो जीव वाचवणारी हीच. लोकांच्या लक्षात मात्र तिची शौर्याची पदवी राहिली. दुर्गावती, चांदबीबी, झाशीची लक्ष्मीबाई या हाती शस्त्र घेऊन लढल्या म्हणून आपल्याला प्रिय आहेत. अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 पर्यंत कारभार केला, न्याय दिला, रस्ते आणि घाट बांधले. त्यांना आपण पुण्यश्लोक म्हणतो, पण त्यांचा जमाखर्च आणि राजकारण क्वचित वाचतो. 2024 मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या शहरात चांदबीबीने राज्य वाचवले त्याला दुसऱ्या राज्यकर्तीचे नाव मिळाले, याचा खरा अर्थ तेव्हाच उतरेल, जेव्हा दोघींच्या कारभाराचा अभ्यास होईल. रणरागिणी आणि देवी या दोन कोनाड्यांमध्ये राज्यकर्तीला जागा नाही, हा दोष आपला आहे.

एलिझाबेथशी तुलना इथेच उपयोगी पडते. ती चांदबीबीपेक्षा शूर होती, असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्या निर्णयामागे मंत्रिमंडळ होते, पार्लमेंट होते, लेखी व्यवहार होता आणि गादी तिच्या स्वतःच्या नावाची होती. तिनेही लांबवले, वाटाघाटी केल्या, कित्येकदा माघार घेतली; इतिहासाने त्याला राजकारण म्हटले. चांदबीबीच्या निर्णयामागे फक्त चांदबीबी होती. ती नाहीशी झाली की निर्णयही नाहीसा झाला. स्त्रीचे नेतृत्व टिकते ते तिच्या शौर्यावर अवलंबून नसते, तिच्या शब्दाला संस्थेचे बळ आहे की नाही यावर अवलंबून असते.

म्हणून ही गोष्ट आजची आहे. महाराष्ट्राने 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव केल्या. दिग्रस तालुक्यातल्या गावागावांत बाया सरपंच झाल्या, नगरपालिकेत बसल्या. हे मोठे पाऊल आहे. तरीही अनेक ठिकाणी खुर्ची बाईची आणि फोन तिच्या नवऱ्याला, असे चालते. पाणीटंचाईत टँकरमागे धावणाऱ्या सरपंचबाईचे सारे कौतुक करतात. तीच ग्रामसभेत उभी राहून हे काम या वर्षी होणार नाही, पैसे आधी त्या कामाला लागतील, असे म्हणाली की तिला कोणी फूस लावली, अशी कुजबूज सुरू होते. आणि 1960 पासून आजवर या राज्याला एकही स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही. जिजाऊ, ताराबाई, अहिल्याबाई यांची नावे रोज घेणाऱ्या राज्याने याचे उत्तर दिले पाहिजे.

वऱ्हाडाचा न्याय मग असा आहे. आमचा प्रांत आम्हाला न विचारता दिला गेला, ही तक्रार आम्ही सोडणार नाही. लोकशाहीत ती पुन्हा घडू नये यासाठीच तर आम्ही मत देतो. पण ज्या बाईने तो दिला, तिने हरलेल्या डावातून राज्य परत आणले, हे आम्ही आधी मान्य करू, कारण किंमत आमची होती. आमच्या शाळांत तिची गोष्ट शिकवताना खिंडाराशी थांबू नये, तहापर्यंत यावे. मुलांना नकाशा काढायला लावावा, वऱ्हाड आणि अहमदनगर दाखवायला लावावे आणि विचारावे: तुम्ही काय राखले असते, काय दिले असते, का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलगी राणीच्या तलवारीकडे पाहणार नाही, तिच्या विचाराशी वाद घालेल. राज्य चालवायला शिकण्याची ती सुरुवात आहे.